सौमीचं पान

४ ऑगस्ट १९९६, रविवार

पोचले एकदाची बंगळूरला! निपाणीहून रात्रभर बसमध्ये बसून कंबरेचा काटा ढिला झाला. शेजारच्या बाई दर तासाला मला ‘जरा सरका’ म्हणत होत्या. चौऱ्याहत्तर किलोंचं माणूस सरकून सरकून सरकणार कुठे?

जमनाआत्याचं घर जे. पी. नगरात आहे. खाली तीन खोल्या, वर मोकळी गच्ची, गच्चीत पाण्याची टाकी. आत्याचे यजमान म्हणजे अण्णा. त्यांच्या घराण्याला इथे येऊन तीनशे वर्षं झाली म्हणे, त्यामुळे त्यांचं मराठी ऐकताना मजा वाटते. मला बघताच म्हणाले, सौमी, स्वल्प बस, कॉफी घे. मी स्वल्प न बसता ऐसपैस बसले आणि दोन पेले कॉफी प्याले.

इथे यायचं कारण लिहून ठेवते, म्हणजे विसरायला नको. आत्याने माझ्यासाठी स्थळ काढलंय. मुलाचं नाव यशोवर्धन, इथल्या पीण्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात सुपरवायझर आहे. पितृपक्ष संपला की घटस्थापनेला, १३ ऑक्टोबरला, तो आईला घेऊन मला बघायला येणार. आजवर सात ठिकाणांहून नकार आले. मुलगी गुणी आहे, पण अंगानं जरा... असं प्रत्येक पत्र तिथेच थांबायचं. सातव्या पत्रानंतर बाबांनी लोकांच्या लग्नाला जाणंच सोडलं. निघताना म्हणाले, हे शेवटचं, यानंतर मी कुणाचे पाय धरणार नाही. तेव्हा दहा आठवड्यांत बारीक व्हायचं. आठवा नकार बाबांना सोसायचा नाही, मलाही नाही.

११ ऑगस्ट

आज जयनगरला एका स्लिमिंग सेंटरात जाऊन आले. नोव्हेंबरात या शहरात विश्वसुंदरी स्पर्धा व्हायची आहे, त्याची कात्रणं भिंतभर चिकटवली होती. तिथल्या मॅडमनी काट्यावर उभं केलं, ओठ मुडपले आणि पिवळ्या कॅप्सूल दिल्या, शिवाय संत्र्याच्या वासाच्या पावडरीचा डबा. भूक म्हणजे निव्वळ सवय, ही सवय पंधरा दिवसांत मोडेल, असं त्या म्हणाल्या.

परतताना आमच्या कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानात खोकं दाखवलं. दुकान अण्णांच्या मित्राचं, पद्मनाभ त्यांचं नाव. त्यांनी चष्मा वर करून सगळं वाचलं. गोळ्या बंद केल्या की वजन परत येतं, छाती धडधडते ती वेगळीच. एक भाकरी कमी खा आणि रोज तासभर चाल, असं त्यांचं म्हणणं. वर म्हणाले, “गोळीनं भूक जात नाही अम्मा, कळेनाशी होते.” मी त्यांच्याच भाषेत सरी सरी, बरं बरं, म्हटलं आणि घरी येऊन पहिली कॅप्सूल घेतली. दहा आठवड्यांत चालून किती उतरणार?

१७ ऑगस्ट

जादूच म्हणायची. भूक पार नाहीशी झाली. तोंड कोरडं पडतं, जिना न चढताही छाती उडते, पण मटणाच्या वासानेही काही वाटत नाही. मटणाच्या! मला!

अडचण आत्याची. पानात टाकलेलं तिला खपत नाही. रात्री नुसती पावडर घेईन, हे तिने कसंबसं कबूल केलं. मात्र दुपारचं पान स्वच्छ झालं पाहिजे, अशी अट घातली. तिचे गुडघे धरलेत, गच्चीवर येत नाही. म्हणून गार वाऱ्यात जेवते असं सांगून ताट वर नेलं आणि कठड्यावर कावळ्यांसाठी ठेवलं. कावळे येईनात. आमच्याकडे महाळाला, म्हणजे पितरांच्या श्राद्धाला, ज्याच्या नावाचं पान असतं त्याचं नाव घेऊन हाका मारतात. मीही गंमत म्हणून ओरडले, “सौमीचं पान, या रे या!” लगेच एक येऊन बसला, मग चार आले. दहा मिनिटांत ताट लख्ख. आत्याने ते बघून माझ्या गालावरून हात फिरवला. थोडी लाज वाटली.

५ सप्टेंबर

सदुसष्ट किलो. सगळी पोलकी दंडात सैल झाली. रोज एक वाजता ताट वर, रोज तीच हाक. बाबांना पत्र टाकलं की या वेळी नकार येणार नाही, तुम्ही नवा सदरा शिवून ठेवा.

१९ सप्टेंबर

कावळे कठड्यावर येत नाहीत. शेजारच्या टाकीवर ओळीने बसतात आणि बघतात. तरी मी पाठ फिरवून कपडे वाळत घातले तेवढ्यात ताट रिकामं. माकड असेल म्हणून नीट बघितलं. लिंबाची फोड उलटी करून ताटाच्या कडेखाली सारलेली. कढीपत्त्याची पानं एकावर एक रचलेली. लहानपणापासून ही माझी खोड, आई ओरडायची.

दुसऱ्या कुणाला अशी खोड असल्याचं मला ठाऊक नाही.

२३ सप्टेंबर

आत्या खुशीत आहे. म्हणे आज मी आपणहून खाली आले, नाचणीचा दुसरा मुद्दा, म्हणजे उकडीचा गोळा, मागून घेतला आणि वर वाटीभर सार प्याले. मी वर टाकीच्या सावलीत डोळे मिटून पडले होते. मी आलेच नाही म्हटलं तर ती हसली. खाण्याला कसली ग लाज, म्हणाली.

२८ सप्टेंबर

पितृपक्ष लागला. तांदूळ निवडताना आत्या सहज बोलून गेली की तिच्या सासूबाई म्हणायच्या, जित्या माणसाचं नाव घेऊन कावळ्याला पान ठेवू नये. का, ते तिला माहीत नाही.

हातातलं सूप पडलं माझ्या. सहा आठवडे मी रोज—

कॅप्सूल, पावडर, सगळं मोरीत ओतलं. उद्यापासून माझं पान मी जेवणार.

३० सप्टेंबर

जेववत नाही. घास तोंडात फिरतो आणि बाहेर येतो. लोणचं लावून पाहिलं, मिरची चावून पाहिली. मातीसारखं लागतं. रडले.

पद्मनाभांकडे धावत गेले. ते म्हणाले, गोळ्या सोडल्यास ना, मग चार दिवसांत भूक आपसूक परत येईल. मग निरखून बघत म्हणाले की काल आत्याबरोबर बाजारात आलीस तेव्हा किती टवटवीत होतीस, दुकानासमोर उभ्याने दोन कणसं खाल्लीस.

काल मी दिवसभर घरी होते.

४ ऑक्टोबर

एकोणपन्नास किलो. बांगडी कोपराच्या वर जाते. आत्याला हात दाखवला. ती माझ्या खांद्यामागे बघून म्हणाली, आता कशी छान भरलीस ग. मागे वळले. दार नुकतंच लोटलं गेलं होतं.

मला बारीक व्हायचं होतं. नाहीसं नव्हतं व्हायचं.

८ ऑक्टोबर

आज ताट वर नेलंच नाही. टाकीमागे लपून बसले. एक वाजता ताट आलं. तिच्या हातात.

माझी आंबा रंगाची साडी. माझाच अंबाडा. माझ्याकडे पाठ करून बसली आणि जेवली — सावकाश, बोटं चाटून, लिंबू पिळून. मी किती चवीने जेवायचे ते विसरूनच गेले होते.

उठताना दहीभाताचा शेवटचा घास कठड्यावर ठेवून गेली. न वळता. माझ्यासाठी.

१० ऑक्टोबर

खाली तीन पानं मांडली. मी माझ्या पाटावर जाऊन बसले. आत्याने भात वाढला तो शेजारच्या पानात, तिथे ती बसली होती, माझ्या साडीत. आत्या, मी इथे आहे, म्हणून ओरडले. गळा फाटेस्तोवर ओरडले. अण्णा म्हणाले, वारं सुटलंय, खिडकी लाव.

आत्याने उठून खिडकी लावली.

१२ ऑक्टोबर, सर्वपित्री

भूक आली. आली — पद्मनाभ खरं बोलले होते. पोटात पीळ पडतोय, डोळ्यांपुढे अंधारी येते. स्वयंपाकघरात गेले. डब्याचं झाकण हाताला लागत नाही. भाकरी उचलता येत नाही. पेन्सिल तेवढी अजून धरता येते.

गुडघे दुखत असतानाही आज आत्या कठडा धरून वर आली. पान ठेवलं. सासऱ्यांचं नाव घेतलं, सासूबाईंचं घेतलं. मला थांबवेना. तेवढ्याच पानाला हात लागला. मनगटापर्यंत खीर—

आत्याने खाली हाक दिली, शिवला हो, लगेच शिवला. डोळे पुसत उतरली.

१३ ऑक्टोबर, घटस्थापना

ते आलेत. मी जिन्यावर आहे. बाबाही आलेत, नव्या सदऱ्यात.

ती मध्ये बसलीय. ओबट्टू वाढली आत्याने, म्हणजे आपली पुरणपोळी. तिने दुसरी मागून घेतली. मग तिसरी. मला वाटलं, आता येईल तो नकार. आत्या लाजत म्हणाली की आमची सौमी चौऱ्याहत्तर किलोंची आहे, आधीच सांगून टाकते.

तो हसला. म्हणाला, “असू दे की. पोटभर जेवणारं माणूस बघून बरं वाटलं.”

असू दे की.

एवढंच — एवढंच कुणी मला—

बाबा रडतायत. तिच्या डोक्यावर हात ठेवलाय. बाबा, इकडे बघा. जिन्यावर. बाबा—

ती वर येतेय. हातात लहान ताटली. तिचा चेहरा आता — छान दिसते. मी अशी छान दिसायचे. मला कुणी सांगितलंच नाही.

ताटली कठड्यावर ठेवली. टाकीवर कावळे ओळीने बसलेत. ती त्यांच्याकडे बघून हाक मारतेय, सौमीचं पान, या रे या.

उडाले. सगळे एकदम. मी जवळ आहे, मी त्यांच्या आधी पोच—