साफ्ताला एका वेळी एकच अंडं

मी अग्लाया उर्सु, वय एकोणऐंशी, राहणार प्लोपीश, जिल्हा सुचावा. डोकं ठिकाणावर आहे, हातही अजून थरथरत नाही. कुणाच्या दडपणाशिवाय स्वतःच्या हाताने हे मृत्युपत्र लिहिते. आधीचा एखादा कागद सापडला तर चुलीत घालावा.

एक. घर आणि आलुबुखाराची बाग माझ्या मेलेल्या लेकीच्या लेकीची, झाम्फिराची. ती स्वमग्न आहे, मोजकंच बोलते. शेजारची दोम्निका वरच्या खोलीत राहून तिला सोबत करील; हयातभर ती खोली दोम्निकाची.

दोन. मेणाच्या लेखण्या आणि रंगांच्या वाट्या झाम्फिराच्याच. ईस्टरची अंडी रंगवायला मी तिला शेवटाकडून शिकवलं. मेणाची रेघ, रंग, पुन्हा मेण, पुन्हा रंग, सगळं मी करायची; ज्योतीपाशी धरून मेण पुसणं तेवढं तिच्याकडे. मेणाखालची नक्षी उघडली की पोर खुदकन हसायची. त्याहून गोड खाऊ मी कुठून आणणार? मग शेवटून दुसरी पायरी, मग तिसरी. जमलं की तिथल्या तिथे शाबासकी. तीन वर्षांत ती पहिल्या रेघेपर्यंत पोचली.

तीन. माझी भावजय साफ्ता. पोर ओरडली की ही बिस्कीट द्यायची, शांत बसली की ढुंकून बघायची नाही. मी म्हटलं, "साफ्ता, तू तिला ओरडायलाच शिकवते आहेस."

"अहो वन्सं, चार बुकं वाचून मला अक्कल शिकवू नका! हिच्यापेक्षा कोंबडीला शिकवा, निदान अंडं तरी देईल."

पुढे हिनेच झाम्फिराला अशा मुलांच्या आश्रमात टाकायचा अर्ज केला. कारण? 'मुलगी सतत ओरडते.' तो अर्ज माझ्या कपाटात आहे. मी गेल्यावर चाळिसाव्या दिवसाच्या जेवणात, साफ्ताला पुढे बसवून, मोठ्याने वाचावा.

चार. माझ्या आईने रंगवलेल्या अंड्यांवर साफ्ताचा तीस वर्षं डोळा आहे. देते, पण एका वेळी एकच. दर रविवारी तिने झाम्फिराजवळ पाव तास आवाज न चढवता बसावं आणि पोरीचं मेण पुसून झालं की "छान केलंस" म्हणावं. म्हणताक्षणी दोम्निकाने अंडं साफ्ताच्या हातावर ठेवावं. उशीर केला तर शिकवणं फुकट जातं. साफ्ता ओरडली तर दोम्निकाने रागवू नये, खिडकीबाहेर बघावं. पुढच्या रविवारी पुन्हा. घाई करू नये, तिला कोंबडीपेक्षा वेळ लागेल.

आईची अंडी अकराच आहेत. बारावं झाम्फिराचं, मेण अजून पुसायचंय. ते साफ्ताने स्वतःच्या हाताने पुसावं.

त्यावर काय काढायचं, हे मी सांगितलं नव्हतं. पोरीने कोंबडी काढली आहे.

प्लोपीश, ११ मार्च २०१९
सही: अग्लाया उर्सु

आमच्या डोळ्यांदेखत सही केली. करताना आजी हसत होत्या:
तेओफिल मोरारू, पोस्टमन
अनिसिया लुंगू, शाळेची स्वयंपाकीण