सगळ्यात मोठं पाऊल

३ मार्च
दमले. स्कूटर विकल्यापासून चष्म्याच्या दुकानात सायकलने जाते. चढ आला की उतरून ढकलते. दिवसभर काचा घासून खांदे गेलेलेच असतात, आता गुडघेही! लेकीचा हुकूम — "आई, आपलं कार्बनचं पाऊल लहान करायचं." म्हणजे काय, तर आपण वीज-पेट्रोल जितकं जाळतो, तितकं आपलं पाऊल मोठं. बरं बाई, तुझं खरं.

सासूबाई पलंगावरूनच म्हणाल्या, "माझं तर पाऊल पडतच नाही गं. अजून किती लहान करू?" लेक हसून हसून लोळली.

५ मार्च
खोलीबाहेर पडलं की बटण बंद. नवरा गीझर बंद करायला विसरला, तर घरात कोर्टच भरलं! आता झोपेतही हात भिंतीकडे जातो माझा.

८ मार्च
सासूबाईंची धाप वाढली. ऑक्सिजनचं मशीन घरी आणलं. डॉक्टरांनी बजावलंय, बंद करायचं नाही. उशाशी घरघर चालू असते. दुपारी थोडा वेळ घरी कुणीच नसतं, त्याचा घोर लागलाय.

लेक मीटर बघून आली आणि म्हणाली, "आजी, आता घरात सगळ्यात मोठं पाऊल तुझं!" गंमत केली पोरीने. सासूबाई हसल्या. मीही हसले.

११ मार्च
देवा! दुपारी जेवायला घरी आले, जेवण झाल्यावर भाजी आणायला खाली उतरले. परत येते तर मशीन गप्प. सासूबाईंचे ओठ निळसर, डोळे मिटलेले. बटण बंद! चालू केलं, त्यांना उठवून बसवलं, पाठ चोळत राहिले. हळूहळू रंग परत आला.

मीच केलं असणार. बाहेर पडताना सवयीने हात गेला असणार, दुसरं कोण होतं घरात? नवरा ओरडला, "आग लागो तुमच्या त्या पावलाला!"

सासूबाई म्हणतात, "तू नाही गं केलंस." समजूत काढतात माझी. त्याने जास्तच रडू आलं.

१२ मार्च
बटणावर चिकटपट्टी लावली. दुकानात लक्ष लागेना. दोन काचा तडकवल्या.

१३ मार्च
चिकटपट्टी एका कडेने सुटलेली. हलक्या प्रतीची असेल. दुसरी लावली. कंटाळा आलाय सगळ्याचाच.

१४ मार्च
आज लवकर आले. दारातूनच दिसलं — सासूबाई नखाने चिकटपट्टी सोलत होत्या. मला बघून दचकल्या.

"दुपारचं थोडंच बंद ठेवते गं. त्या दिवशी मेला डोळा लागला, चालू करायचं राहून गेलं." मग हळूच म्हणाल्या, "तुम्ही सगळे एवढे राबताय. म्हटलं, आपणही पाऊल जरा मागे घ्यावं."