राखाड्यांच्या जन्माची गोष्ट

१० जानेवारी

चि. गुंड्यास अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझ्या बाबाचे गुडघे कसे आहेत? जिना जास्त कुरकुरतो की गुडघे? तुझ्या आईचा खोकला थांबला का? बोक्याचा कान सुकला का? आणि तुझे डोळे? दिवसभर दुकानात दुसऱ्यांच्या चष्म्याच्या काचा घासतोस आणि स्वतःच्या चष्म्याची काडी दोऱ्याने बांधून फिरतोस, हे मला न सांगताही कळतं. बाबा मला लिहीत नाही. धाकटा लहानपणापासून पत्राचा आळशी. माझा राग नाही म्हणावं.

तुझं पत्र दोनदा वाचलं तेव्हा कुठे डोक्यात शिरलं. दर रविवारी तुम्ही घोडे जेवणाच्या टेबलाभोवती बसता, कुणी लढवय्या होतो, कुणी जादूगार, तू घरीच रचलेलं जग सांगतोस आणि अडलं की वीस बाजूंचा फासा टाकता. केस पिकायला आले तरी भातुकली सुटली नाही म्हणायची! आणि त्या जगातल्या जमाती कशा जन्मल्या ते मी रचून द्यायचं. अरे, मी अर्ध्यात शाळा सोडलेली, खुर्च्यांना वेत विणणारी बाई. पण हौस दांडगी. घे.

डोंगराच्या पोटातले तुझे ते बुटके. घडवणारा खुर्चीत बसून माणसं घडवत होता. वेत जुना, मधेच फाटला, आणि स्वारी काखेपर्यंत आत रुतली. मग हात पोचले तेवढ्याच उंचीची माणसं झाली. म्हणून बुटके अजून कुणाला खुर्ची देत नाहीत, आलेल्याला जमिनीवरच बसवतात. कसं काय?

पुढची जमात कळव, आणि माझ्यावरची माया आटू देऊ नकोस.

तुझी आत्या

२ फेब्रुवारी

ती. आत्यास शि. सा. न.

इकडे सगळे बरे. आईचा खोकला गेला, बोका पुन्हा मारामाऱ्या करतो, आणि चष्म्याला नवी काडी बसवली. शपथ.

बुटक्यांच्या गोष्टीला सगळं टेबल हसलं. सगळ्यात मोठी बातमी म्हणजे बाबाही हसले. हो, तेही खेळायला बसतात! निवृत्त झाल्यापासून घरभर येरझाऱ्या घालत होते, आईने वैतागून आमच्यात ढकललं. कुऱ्हाडवाला झालेत. पंखबिंख नकोत, साधा माणूसच करा म्हणाले. गोष्टी तू रचतेस हे त्यांना अजून सांगितलेलं नाही, एकदम चकित करीन. माणसांची जन्मकथा तेवढी नको हं, ती सगळ्यांना ठाऊकच आहे असं आम्ही धरून चालतो.

राखाडी लोकांची गोष्ट मात्र मीच सांगून टाकली. खरं तर माझीही नाही. लहानपणी बाबा झोपवताना सांगायचे, तीच वाढवली. एका मुलीला आजारी आईजवळ शेगडी सांभाळायला बसवलं होतं. तिला कंटाळा आला, ती दार लोटून निघून गेली. शेगडी विझली आणि आई गारठून मेली. त्या मुलीची जमात ती राखाडी. अंगाचा रंग राखेचा, आणि कोणी त्यांना विस्तव देत नाही. बाबा खूश झाले, त्यांची गोष्ट ओळखू आली म्हणून. तुला कशी वाटली?

लोभ आहेच, तो असाच राहू दे.

तुझा गुंड्या

१४ फेब्रुवारी

चि. गुंड्यास आशीर्वाद.

राखेचा रंग चांगला निवडलास. बाकी गोष्ट माझ्या ओळखीची आहे. ती मुलगी मीच.

आमची आई छाती भरून अंथरुणाला खिळली होती, थंडी मी म्हणत होती, आणि शेगडी धगती ठेवणं माझ्याकडे होतं. मला वेतकामाच्या कारखान्यातून बोलावणं आलं. आईनेच जा म्हटलं. तुझा बाबा दारात उभा होता. चिमटा मी त्याच्या हातात दिला. तो म्हणाला, तायडे, तू नीघ, मी आहे ना. मग मित्रांनी हाक मारली आणि तो गेला. संध्याकाळी मी परतले तेव्हा शेगडीत राख होती.

नातलगांनी विचारलं, शेगडीपाशी कोण होतं? तो माझ्याकडे बघत राहिला. कोवळा पोर, घाबरला होता. मी मान खाली घातली. वाटलं, चार दिवस बोलतील आणि विसरतील. लोक विसरलेही. यानं मात्र ती गोष्ट जपली, वाढवली आणि तुझ्या उशाशी बसून तुला भरवली. आणि मी इतकी वर्षं म्हणतेय, आळशी आहे बिचारा!

त्याला जाब विचारू नकोस. मला माफीबिफी नको. फक्त तुझ्या जगात तरी राखाड्यांना खरं जन्मू दे. मुलीनं चिमटा भावाच्या हाती दिला होता, एवढं सांग. तो टेबलाशी असेल, हे मला कळतं. एकदा त्याच्या कानावर पडावं, एवढीच इच्छा आहे. नाव कुणाचं नाही.

काय झालं ते कळव. जीव टांगणीला आहे.

तुझी आत्या

३ मार्च

ती. आत्यास शि. सा. न.

कसं लिहू कळत नाही. टेबलावर एकदा बोललं गेलं की त्या जगात ते खरं, परत घेता येत नाही, हा आमचा नियम. म्हणून तुझी गोष्ट मी राखाड्यांच्या एका म्हातारीच्या तोंडी घातली. लोक काहीही म्हणोत, आम्ही असे जन्मलो, असं ती सांगू लागली. दारात भाऊ उभा होता इथपर्यंत आलो, आणि बाबांनी विचारलं, हे कुणी रचलं. मी सांगितलं, आत्याने.

ते चिडले नाहीत. म्हणाले, माझी पाळी, कुऱ्हाडवाला म्हातारीला मारतो. फासा टाकला. वीस पडले. मित्रांनी टाळ्या पिटल्या, त्यांना काय माहीत! वीस पडल्यावर माझंही काही चालत नाही. मग ते म्हणाले, वस्तीही जाळतो. राखाडी संपले, आत्या. चिमट्याचं बोलायचं राहूनच गेलं, म्हणजे त्या जगात ते घडलंच नाही.

उठताना म्हणाले, टेबल माझं आहे, यावर तिची पत्रं वाचायची असतील तर दुसरं घर बघ. मी फासा उचलून ठेवला. बोलायला हवं होतं. यापुढे पत्र दुकानाच्या पत्त्यावर पाठवशील का? घरात शांतता राहील.

रागावू नकोस.

गुंड्या

९ मार्च

चि. गुंड्यास आशीर्वाद.

तुझ्या आईचा खोकला उलटला नाही ना? बोका? तुझे डोळे? बाबाचे गुडघे? त्याचेही विचारते, इतक्या वर्षांची सवय आहे, मोडत नाही.

वीस पडले म्हणतोस. सापशिडीतही त्याला हवं तेच पडायचं, कारण फासा तो वाटीखाली टाकायचा आणि वाटी स्वतःच उचलायचा. तरी मी हरायची. मोठी होते ना.

तुझ्यावर रागावले नाही. टेबल त्याचं, घर त्याचं, तू त्याचा. पण दुकानाच्या पत्त्यावर मी लिहिणार नाही. चोरून लिहायला मी काही चोरलेलं नाही.

एक जमात तेवढी तू माझ्याकडे मागितली नव्हतीस. घे.

दोन मुलं शेगडीपाशी बसली होती. एक उठून गेलं, दुसरं राहिलं. मग दुसऱ्यानंही पाठ फिरवली आणि विस्तव विझला. परत आल्यावर त्याला फार भीती वाटली. त्या भीतीपोटी त्यानं पहिली गोष्ट रचली, आणि ज्यानं ती रचली तो माणूस झाला. म्हणून माणसाला पंख नाहीत, शेपूट नाही, अंगावर राखेचा डागसुद्धा नाही.

टेबलावर सांग नाहीतर ठेवून दे. हे पाकीट नेहमीसारखं घरच्याच पत्त्यावर टाकते आहे. उत्तर लवकर यावं. तुला लिहिणं जमलं नाही, तर हे पाकीट ज्यानं फोडलं त्यानं लिहावं.

तुम्हा दोघांची,
तायडी