धाकट्याच्या उशाशी लावलेलं वचन

आई, तुला जाऊन पन्नासाहून जास्त वर्षं झाली आणि मी आता तुझ्यापेक्षा वयानं कितीतरी मोठी आहे. तू गेलीस तेव्हाच्या तुझ्या वयाची एखादी बाई आज माझ्यासमोर आली, तर मी तिला बिनधास्त अगं-तुगं करीन. गुडघे गेलेत, डाव्या कानानं कमी ऐकू येतं, पण जीभ शाबूत आहे, असं सूनबाई म्हणते. या जिभेनं आयुष्यभर नको तिथं, नको तेवढं बोलले. जे एक तुला सांगायचं होतं, तेवढं मात्र हिला जमलं नाही. आज सकाळी नातीनं विचारलं, "आजी, देव खरंच ऐकतो का, की आपण नुसतं बोलतो?" सहा वर्षांची आहे. मी म्हटलं, "ऐकतो गं." तुझ्यासारखंच म्हटलं, पीठ मळता मळता, मान वर न करता. आणि मग हात तसेच पिठात राहिले.

तुझं ते जयपूरचं स्वयंपाकघर म्हणजे खरं तर खोलीचा एक कोपराच. नगरहून पपांची बदली तिथल्या तारऑफिसात झाली आणि आपण स्टेशनजवळच्या गल्लीत दोन खोल्या घेतल्या. रविवारची उपासना हिंदीत, शाळा हिंदीत, भाजीवाला, दूधवाला, शेजारच्या भाभीजी, सगळं हिंदी. तू मात्र हट्टाला पेटलेली की देव मुलांना मराठीतच कळला पाहिजे. "बाहेर काय बोलायचं ते बोला, देवाशी घरच्यासारखं बोला." धाकटा चार वर्षांचा, तो प्रार्थनेत "येशूजी, मतलब, माझी गोटी सापडू दे" म्हणायचा आणि तू हसून म्हणायचीस, "जी काय लावतोस रे, घरचाच आहे तो." गोटी हरवली की देवाला सांग, ताप आला की देवाला सांग, शेजारच्या मुलीशी भांडलीस तर आधी देवाला सांग आणि मग जाऊन तिची माफी माग. तू आमच्यावर उगाच रागावलीस तर तूही आमच्यासमोर डोळे मिटून "माझं चुकलं" म्हणायचीस. आपल्या गल्लीत मुलांची माफी मागणारी दुसरी आई नव्हती. देवावर विश्वास म्हणजे काय ते मला कुठल्या पाळकाच्या उपदेशातून नाही कळलं, तुझ्या त्या खालच्या आवाजातल्या "माझं चुकलं"मधून कळलं.

आणि तो डबा. बिस्किटांचा पत्र्याचा, झाकणावर पोपट असलेला. नगरला तुझ्या माहेरी नव्या वर्षाच्या दिवशी वचनाच्या चिठ्ठ्या काढायची रीत होती, ती तू जयपूरला आणलीस. नाताळच्या करंज्या संपत आल्या की तू शास्त्रातली वचनं कागदाच्या पट्ट्यांवर लिहायचीस, सुरळ्या करून शिवणाच्या दोऱ्यानं बांधायचीस. पहिल्या तारखेला सकाळी आपण शेगडीभोवती रजया घेऊन बसायचो, डबा फिरायचा, लहानापासून सुरुवात. ज्याच्या हाती जे येईल ते त्याचं वर्षाचं वचन. मग तू ते गव्हाच्या खळीनं ज्याच्या त्याच्या खाटेवर, उशाशी भिंतीला चिकटवायचीस. एका वर्षी मला कष्ट करण्याबद्दलचं काहीतरी आलं आणि मी तोंड फुगवून दुसरी चिठ्ठी मागितली, तेव्हा तू केवढी कडाडलीस. "हे काय लग्नातले लाडू आहेत, निवडून घ्यायला? त्याच्या हातून आलंय ते. बदलायचं नाही." मी घाबरले. तू रागवायचीस कमी, त्यामुळे रागावलीस की लक्षात राहायचं.

पुढच्या वर्षी मी नऊ वर्षांची. तीच ती सकाळ, कडाक्याची थंडी, पपांच्या तोंडातून वाफा निघतायत. सगळ्यांच्या हातात चिठ्ठ्या आल्यात आणि वाचायच्या आधी पपा प्रार्थना करतायत. पपांची प्रार्थना लांबलचक, नगरच्या सगळ्या नातेवाइकांची नावं घेऊन होईपर्यंत आटपायची नाही. धाकटा माझ्या मांडीवर पेंगतोय. मला धीर कुठला. मी एक डोळा उघडते आणि माझ्या चिठ्ठीचा दोरा सरकवते. दीर्घायुष्याचं वचन, पुष्कळ वर्षं देऊन तृप्त करण्याचं. मग त्याच्या मुठीतली हळूच सोडवते, कारण त्याचं नाहीतरी मलाच वाचायचं असतं. त्यात पाणी आहे आणि विस्तव आहे. पाण्यातून जाण्याचं, जाळातून चालण्याचं. त्यापुढे काय होतं ते मी वाचलं, पण माझ्या डोक्यात शिरलं नाही. एवढंसं पोर, आणि याला पाण्यात आणि जाळात घालायचं? मी माझी चिठ्ठी त्याच्या मुठीत कोंबली आणि त्याची मी घेतली. पपा आमेन म्हणाले. मीही म्हणाले.

तू त्याचं वचन ऐकून त्याला उचलूनच घेतलंस. "म्हातारा होणार माझा बाळ," म्हणत त्याच्या गालाला पीठ लावलंस. माझं ऐकून मात्र तुझा चेहरा जरा उतरला. तू म्हणालीस, "यातलं पुढचं लक्षात ठेव हं, तो बरोबर असणार आहे ते." आणि वर्षभर मला पाण्याच्या जवळ फिरकू दिलं नाहीस. शाळेची सहल गलत्याच्या कुंडावर निघाली, मी घरी. शेगडीत कोळसे घालायचं कामसुद्धा माझ्याकडून काढून घेतलंस. मला मनातून गंमत वाटायची, आणि जरा मोठेपणाही. आपण भावाचं संकट अंगावर घेतलंय, कोणाला माहीत नाही, फक्त देवाला आणि आपल्याला. एवढं चांगलं मी त्यानंतर आयुष्यात कधी केलं नाही, आई, आणि तेच असं निघालं.

दसऱ्याच्या सुट्टीत त्याचा घसा धरला. पपा तारांच्या कामावर चाकसू गावाकडे गेलेले. पहिल्या दिवशी तू हळद घालून दूध दिलंस. दुसऱ्या दिवशी दुपारी भाभीजी डोकावल्या, त्याचं तोंड उघडून बघितलं आणि त्यांचा चेहराच बदलला. "मराठणजी, इसको बड़े अस्पताल ले जाओ. अभी. मैं ताँगा बुलाती हूँ." तू त्याच्या कपाळावर ओली पट्टी ठेवत होतीस. मी पाण्याचं भांडं धरून उभी होते. तू भिंतीकडे बघितलंस, त्याच्या उशाशी, आणि शांतपणे म्हणालीस, "भाभीजी, याचं वचन आहे. देवानं दिलंय. उद्या सकाळी हे येतील, तोवर उतरेल ताप." भाभीजी म्हणाल्या, "वचन अपनी जगह है, बहन." तू हसलीस फक्त. इतका भरवसा होता तुझ्या तोंडावर. तो चेहरा माझ्या डोळ्यांपुढून जात नाही.

मी तेव्हा बोलायला हवं होतं. एक वाक्य. आई, ती चिठ्ठी त्याची नाही. तू मारलं असतंस मला, कदाचित मारलंही नसतंस, पण तुझी नजर भिंतीवरून निघून त्याच्या घशाकडे गेली असती. मी नाही बोलले. लाडू आठवले, तुझं कडाडणं आठवलं. आणि खरं सांगू, मलाही वाटत होतं की एकदा त्याच्या उशाशी लावली म्हणजे ती त्याचीच झाली, देव काय नाव बघतो थोडंच. भांडं धरून उभी राहिले. पपा तिसऱ्या दिवशी दुपारी आले, टांग्यात आपण सगळे, तो तुझ्या मांडीवर, त्याच्या श्वासाचा तो आवाज. घटसर्प होता. डॉक्टर तरुण होता, चिडला नाही, मान खाली घालून म्हणाला, "बहनजी, कल ले आतीं तो." संध्याकाळी सगळं संपलं.

तेरा दिवस भाभीजींनी आपल्याला चूल पेटवू दिली नाही. पाळक आले, म्हणाले, चिठ्ठी म्हणजे देव नव्हे. पपाही तेच म्हणाले. एके सकाळी बघितलं तर तू त्याच्या खाटेवर गुडघे टेकून नखानं भिंत खरवडत होतीस. खळ वाळून घट्ट झालेली, कागद तुकड्यातुकड्यांनी निघत होता. ते तुकडे तू शेगडीत टाकलेस. माझी चिठ्ठी तशीच राहिली, पुढच्या पावसाळ्यात आपोआप गळून पडली. तोवर ती रोज तुझ्या डोळ्यांसमोर होती, आई. पाण्यातून जाशील तेव्हा मी बरोबर असेन. तुझ्यासाठीच होती ती. त्याचं मरण टळेल असं त्यात कुठंही म्हटलं नव्हतं, नुसती सोबत होती. तुला त्या वर्षी देवाकडून जे आलं होतं ते माझ्या खाटेवर लटकत होतं, आणि तू ते माझं समजून माझ्यासाठी जपत राहिलीस.

आमच्यासमोर तू काही ढळू दिलं नाहीस. जेवणाआधी प्रार्थना, रविवारी उपासना, मला पाठांतर, सगळं तसंच. पण सगळे गात असताना तुझे ओठ हलायचे नाहीत ते मी बघायचे. आणि प्रार्थनेत तू देवाला "आपण" म्हणायला लागलीस. घरचाच आहे म्हणणारी तू. साहेबाकडे अर्ज घेऊन उभं राहावं तशी. पोटच्या पोरीला भरवसा शिकवायचा आणि स्वतःच्या हातून तो सुटलेला, हे तू इतकी वर्षं कसं रेटलंस, मला कळत नाही.

मी अठराची झाले, नर्सिंगला निघाले. टांगा दारात. तू तो पोपटाचा डबा माझ्या हातात दिलास, रिकामा. म्हणालीस, "तुझी मुलं होतील तेव्हा यात काय घालायचं ते तू ठरव. मी तुम्हाला त्याच्यावर भरवसा ठेवायला शिकवलं, आणि त्याचं बोलणं मलाच नीट ऐकू आलं नाही. मी काहीतरी चुकीचं समजून बसले." मी म्हटलं, "आई." तू म्हणालीस, "काय गं?" तू माझ्याकडे बघत होतीस. एवढं जवळून तू खूप दिवसांत बघितलं नव्हतंस. टांगेवाला म्हणाला, गाडी चुकेल. मी विचारलं, "पोळ्या कुठल्या डब्यात आहेत?" तू म्हणालीस, "खालच्या. लोणचं वेगळं बांधलंय." चार-पाच वर्षांनी पपांची तार आली तेव्हा मी ड्यूटीवर होते. पोचेपर्यंत तुला माती देऊन झाली होती.

डब्यात मी आजवर काही घातलं नाही. बटणं ठेवते. मुलांना मी तुझ्यासारखंच शिकवलं, गोटीपासून, आणि चुकलं की त्यांच्यासमोर माफी मागून. चिठ्ठ्या मात्र नाही. पपा म्हणायचे तेच खरं असेल, चिठ्ठी म्हणजे देव नव्हे. पण मी ऐंशीला टेकले आहे, आई. दोन आजारांतून उठले. नातवंडं बघितली. ते वचन माझ्या हाती आलं होतं आणि ते माझ्या बाबतीत अक्षरशः खरं झालं. तुला हे सांगितलं असतं तर तुला तुझा देव परत मिळाला असता. त्यानं तुला फसवलं नव्हतं, तुझा कानही चुकला नव्हता, मी फसवलं होतं. हे मला अठराव्या वर्षी पक्कं कळत होतं. तरी मी पोळ्यांचं विचारलं. कारण सांगितलं असतं तर तू माझ्याकडे बघून ती वर्षं मोजली असतीस, निदान एकदा तरी, आणि मला ते सोसलं नसतं.

हे पत्र त्या डब्यात, बटणांखाली ठेवणार आहे. दुसरं कुठं पाठवू. पण एक राहिलं. त्याला माती देताना तू माझा हात घट्ट धरला होतास. पपांनी मूठभर माती टाकली, मग तू टाकलीस, मग माझी पाळी. तेव्हा मी रडत होते, खरंच रडत होते, आणि रडता रडता माझ्या मनात आलं की ती चिठ्ठी मुळात माझी होती, म्हणजे मी काही मरणार नाही. मला हायसं वाटलं होतं, आई.