अंगणातली बाळंतीण

१८ मार्च
उद्या पाडवा. अंगण झाडायला घेतलं. सुहासच्या अमेरिकेतल्या घरात व्हॅक्यूम आहे, भांड्यांचं मशीन आहे, खराटा नाही. मेपलच्या काटक्या बांधून मीच केला. मागच्या लाकडी ओट्यापासून, डेक म्हणतात त्याला, कुंपणापर्यंत पानांचा हा थर. सुहास म्हणाला, "आई, पिस्कॅटवेत अंगण कोणी झाडत नाही." म्हटलं, म्हणून तर इथे पाडवा येत नाही, नुसता कॅलेंडरवर दिसतो.
पानं कागदी पोत्यांत भरून रस्त्याकडेला लावली. मेपलच्या बुंध्याशी झाडता झाडता मातीतून एक केसाळ गोळी घरंगळली. भुंगा. मेलेला. आपल्याकडचा काळा कुळकुळीत असतो, याने पिवळं लोकरीचं टोपरं घातलेलं. तळहातावर घेऊन उन्हात बसले. बऱ्याच वेळाने मधला एक पाय सावकाश वर केला. म्हणजे, बाई, लांब हो. मग सगळं अंग थरथरायला लागलं, आणि उडून गेला. हात अजून गुणगुणतोय.
(मी सांगते, सूनबाई मानसी लिहिते. सासूचं ऐकावं लागतं, निदान या वहीत तरी.)

१९ मार्च
गुढी डेकवर उभारली. वाऱ्याने तांब्या दोनदा पडला.
मानसीने फोनवर शोधलं. भुंगा नव्हे, भुंगी. राणी. हिची आई, बहिणी, भाऊ, सगळे थंडी पडायच्या आतच गेले. ही एकटी मातीत शिरून झोपली. वर एवढं बर्फ पडलं, सुहास फावडं घेऊन शिव्या देत होता, आणि त्याच्या पायाखाली ही. पोटात अख्खं कुळ घेऊन.
मी तिथेच गुढीखाली बसले. मानसी म्हणाली, "आई, बरं वाटत नाही का?"
पानांखाली आणखी कोण कोण झोपलं असेल म्हणाली. पोती परत आणून पानं होती तिथे पसरली. सुहास खिडकीतून, "काल भरलं, आज ओतलं?" म्हटलं, व्यायाम.

२ एप्रिल
गार. मेपलला लाल फुलं, इतकी बारीक की मी आधी गंज समजले. त्यावर भुं. (भुंगी म्हटलं की मानसी एवढंच लिहिते, हात दुखतो म्हणे.) तीच कशावरून, सुहास विचारतो. माझी आहे, मला कळतं.
फूल सोडलं की जमिनीलगत उडते. प्रत्येक बिळात डोकावते, बाहेर येते, पुढच्यात. लग्नानंतर हे दोघं जर्सी सिटीत भाड्याचं घर शोधायचे ते असेच. मानसी म्हणाली, "तिला निदान ब्रोकर तरी नाही."

११ एप्रिल
जागा मिळाली. डेकच्या शेवटच्या पायरीखाली उंदराचं जुनं बीळ आहे, तिथे. मी खुर्ची टाकून बसले होते. आत गेली. बाहेर येऊन बिळाकडे तोंड करून हवेत डावी-उजवी डुलत राहिली. घर नीट बघून ठेवते म्हणे, परत सापडावं म्हणून. मी या गल्लीत अजून चुकते. सगळी घरं एकसारखी.
सुहास वैतागला. लाकूड खाणारा भुंगा असतो, डेक पोखरतो, औषध मारू. मानसीने दोन फोटो समोर धरले. लाकूड खाणाऱ्याची पाठ तुळतुळीत चकचकीत, हिच्या पाठीवर लोकर. सुहास गुडघे टेकून बघून आला. "बरं, लोकर आहे. पण पुढच्या महिन्यात लॉनवाला फवारायला येणार आहे, आधीच सांगतो." या गावात पिवळं रानफूल उगवलं की लोकांना घरात चोर शिरल्यासारखं वाटतं. डँडेलियन म्हणतात. ते मारायला माणूस.
आणि भुं. आज दिवसभर त्याच फुलांवर.

१४ एप्रिल
मागच्या पायांना पिवळे गोळे लावून आली. परागाचे. आता घरात अंडी असणार.
मानसीने जे वाचून दाखवलं ते लिहून ठेव म्हटलं. ही स्वतःच्या अंगातून मेण काढते. त्याची वाटी करते, मधाने भरते, तोंडासमोर ठेवते. मग अंड्यांवर पोट टेकून बसते आणि पंख न हलवता आतल्या आत थरथरत राहते. त्याने अंग तापतं. भूक लागली की बसल्या जागी वाटीत जीभ घालायची. वाटी संपली की बाहेर जायचं, पण लगेच परतायचं, नाहीतर पिल्लं गारठतात. म्हणून फुलं जवळ हवीत.
माझ्या बाळंतपणात सुईण होती, आई होती, डिंकाचे लाडू होते, खाटेखाली शेगडी होती. हिला माहेर नाही. ही स्वतःच बाळंतीण आणि स्वतःच शेगडी.
कोणी शिकवलं असेल? आई तर हिने धड पाहिलीही नसेल.

१९ एप्रिल
अक्षय तृतीया. डब्यातल्या आंब्याचा रस, पुऱ्या. जेवताना विषय काढला. म्हटलं, अंगणात बाळंतीण आहे. सव्वा महिना पाळायचा. मशीन नाही, फवारा नाही, पायरीवर धाडधाड नाही.
सुहास: "आई, माशी आहे ती."
"तू झालास तेव्हा तुझे बाबा चपला हातात घेऊन घरात यायचे. चाहूल नको म्हणून. आणि तू काही फार बघण्यासारखा नव्हतास."
मानसीला ठसका लागला.
सुहास रस ढवळत बसला. मग फोन काढला. "ठीक आहे. कॅन्सल केलं." तिसरी पुरी मी न मागता वाढली.

३ मे
गवत पोटरीपर्यंत. मागे सगळं पिवळं, मध्ये जांभळं, पांढरं. देवघरात कोणी फुलांची परडी उपडी केल्यासारखं. शेजारची लिंडा कुंपणावरून बघते, अंगठा वर करते. कौतुक की टोमणा, कळत नाही. मीही अंगठा करते.
सकाळी भुरभुर पाऊस. मी स्वेटरवर शाल. भुं. त्या पावसात गेली, भरून आली, आत शिरली. मी हात जोडले, मग इकडेतिकडे बघितलं.

८ मे
सुहास ऑफिसला, मानसी वर मीटिंगमध्ये. पुढून मशीनचा आवाज. जाऊन बघते तर लॉनवाला. पाठीवर टाकी, कानात गाणी. पुढचं अर्धं अंगण ओलं. ओरडले, त्याला काय ऐकू जातंय. मागे पळत आले (पळत म्हणजे माझ्या पळत) आणि पायरीसमोर खुर्चीत बसले. म्हटलं इथे आलास तर मला फवारून जा.
तो मागे आलाच नाही. पुढचं संपवलं, लहान पिवळी निशाणं रोवली, गेला. मानसीने वाचलं: माणसांनी, कुत्र्यांनी लांब राहावं. म्हटलं, भुंगीला कुठली भाषा वाचता येते?
पुढच्या डँडेलियनवर ती रोज जाते. आज गेली का, मला माहीत नाही. तो फवारायला लागला तेव्हा मी आंघोळीला होते.

८ मे, संध्याकाळ
सुहासने कबूल केलं. कॅन्सल केलं होतं ते फक्त मागचं. "पुढचं लोकांना दिसतं, आई."
मी काही बोलले नाही. माझं न बोलणं त्याला लहानपणापासून जड जातं.
थोड्या वेळाने ऑफिसच्याच कपड्यांत, हातमोजे चढवून पुढे गेला आणि ओल्या गवतातलं एकेक पिवळं फूल खुडून पिशवीत भरायला लागला. भुंग्यांनी त्यावर बसू नये म्हणून. येणारे-जाणारे गाड्या हळू करून बघत होते. अंधार पडेपर्यंत खुडत होता. त्याला चहा नेऊन दिला. घेतला. वर बघितलं नाही.

१३ मे
भुं. शनिवारपासून, म्हणजे फवारल्याच्या दुसऱ्या दिवसापासून, दिसलेली नाही. ऊन छान आहे. क्लोव्हरची, गवतातली ती पांढरी, फुलं उघडलीत. बिळाशी काही हालचाल नाही. चमच्यात साखरेचं पाणी ठेवलं, मुंग्यांनी प्यायलं.
सुहास सकाळी निघायच्या आधी खाली वाकून बघतो, मला दिसणार नाही अशा बेताने. मला दिसतं.

१६ मे
मानसी कामावरून उठून आली. "आई, ऐका." पहिल्या मुली जन्मल्या की राणी घराबाहेर पडत नाही. कायमची आत. अंडी घालते, बाहेरचं सगळं मुली बघतात.
म्हणजे दिसत नाही त्याचा अर्थ एकतर ती मेली, नाहीतर तिचे सुखाचे दिवस आले. दोन्हींचं दार बाहेरून एकच दिसतं.
बीळ उकरून बघू का, सुहास म्हणाला. इतक्या हळू म्हणाला की मला रागवता आलं नाही. नाही म्हटलं. बाळंतिणीच्या खोलीत दिवा घेऊन डोकावत नाहीत.

२४ मे
सव्वा महिना होऊन गेला. सुहासने विचारलं, "आता गवत कापू का?" म्हटलं, बाळंतीण उठली का? "माहीत नाही." मग मलाही माहीत नाही.
पुढच्या अंगणात त्याने लिंडाकडून रोपं आणून लावलीत. जांभळी. नाव सांगितलं, विसरले. लॉनवाल्याला कायमचं नको म्हणून कळवलं, हे मात्र मानसीकडून कळलं.
दुपारी तिघं मागे बसलो होतो. क्लोव्हरच्या फुलावर काहीतरी हललं. भुंगी, पण एवढीशी. हरभऱ्याएवढी. तेच टोपरं, तीच लोकर, पाय मात्र केसासारखे. फुलाला लटकून झोके घेत होती, पहिल्यांदाच घराबाहेर पडल्यासारखी. आम्ही तिघं गुडघ्यांवर. माझं पाऊणशे वर्षांचं वय, असं काही बघितलेलं नाही. सुहास श्वास धरून होता.
उडाली. पायरीकडे वळली, सुहासच्या सावलीत शिरली, आणि दिसेनाशी झाली. मानसी म्हणते आत गेली. सुहास म्हणतो कुंपणाकडे. मला विचारलं. माझे डोळे पाणावले होते, मी काय सांगणार.
खुर्ची पायरीपासून जरा मागे घेतली. कोणाला जायचं-यायचं असलं तर वाट मोकळी असावी.