श्रीमती धुरपताबाई यांच्या स्मरणार्थ

वर्धा, ५ एप्रिल २०२५

चि. धनंजय यास ताईचे आशीर्वाद.

फोन मुद्दाम करत नाही. फोनवर तू 'हो ताई, हो ताई' म्हणत विषय वांग्यांच्या भावावर नेतोस. कागदावर तुला पळता येणार नाही.

काल व्याख्यानाआधी गिरडचे बंडूजी भेटले. हात जोडून म्हणाले, की धुरपताबाई गेल्या आणि तुम्ही कळवलंही नाही. मी तिथूनच आत्याबाईंना फोन लावला. तो त्यांनीच उचलला आणि मलाच झापलं, की एवढ्या उन्हात काऊन ओरडून राह्यली.

मग बंडूजींनी सांगितलं. जामच्या स्टॉपवर तू पाणपोई उघडलीस, छान केलंस. पण पाटीवर काय लिहिलंस? 'श्रीमती धुरपताबाई यांच्या स्मरणार्थ. भाचा, धनंजय.' आणि ती पाटी आत्याबाईंच्या दारासमोर! आई गेल्यावर ज्या बाईने आपल्या दोघांना जामला नेलं, त्याच स्टॉपवर टोपलीत टमाटर विकून शिकवलं, तिलाच तू रोज सकाळी तिचं मरण दाखवतोस. त्यांना वाचता येत नाही, हीच आपली सोय का रे?

'स्मरणार्थ' हा शब्द तू कुठे कुठे वाचलास ते आठव. शाळेच्या बाकावर, देवळातल्या पंख्याच्या पात्यांवर, स्मशानातल्या शेडवर. त्यातला एक तरी माणूस जिवंत आहे का? आपल्या गावांत बाईचं नाव भिंतीवर चढायचं असेल, तर आधी तिला भुईवर घ्यावं लागतं. तोवर ती कुणाची आई, कुणाची आत्या. मी गावोगाव व्यासपीठावरून याच गोष्टीवर ओरडते आणि माझ्याच घरात हे! तू तर तिच्या मरणाचीही वाट पाहिली नाहीस.

पुढच्या रविवारच्या आत पाटी पुसली गेली पाहिजे. नाहीतर मी स्वतः पांढरा रंग आणि ब्रश घेऊन स्टॉपवर उभी राहीन, आणि तिथे भाषणही करीन.

लोभ आहे, पण सध्या तो रागाच्या मागे उभा आहे.

तुझी ताई,
माधवी

*

आंजी (मोठी), १४ एप्रिल २०२५

ती. माधवीताईस धनंजयचा सा. न. वि. वि.

ताई, चूक झाली. मी मोतीलाल पेंटरला फोनवर नावं तेवढी सांगितली, बाकी त्याने भरलं. तो म्हणतो, आजवर रंगवलेली प्रत्येक पाणपोई गेलेल्या माणसाचीच होती. जित्या माणसाच्या नावानेही कुणी पाणी पाजतं, हे त्याला ठाऊकच नव्हतं.

त्यात आणखी एक झालं. पाटी वाचून गिरडच्या दोन बाया रडत आत्याबाईंच्या घरी पोचल्या. दार आत्याबाईंनीच उघडलं. बायांच्या डोळ्यांना पदर, त्यांना दार कुणी उघडलं ते दिसलंच नाही; उन्हातून आल्यात म्हणून आत्याबाई आधी पाणी आणायला वळल्या, मग त्यांच्यासोबत रडायला बसल्या. कोण गेलं, हे चहा झाल्यावर विचारलं.

काल मी मोतीलालला आणि थिनरचा डबा घेऊन गेलो, तर आत्याबाई काठी घेऊन पाटीसमोर उभ्या. पुढचं त्यांनी सांगितलं तसंच लिहून सोबत जोडतो. भाषा सुधारायला गेलो तर काठी माझ्याकडे वळली.

राग ओसरला की एक ओळ पाठव.

तुझा,
धनंजय

*

जाम

चि. माधवीले धुरपताचा आशीर्वाद.

पोरी, तू काऊन एवढी तापून राह्यली? ह्यानं मले न विचारता नाव लिवलं, तू मले न विचारता पुसाले लावून राह्यली. नाव कोनाचं हाये? माहं. दोघायपैकी एकानं तरी मले विचारलं काय?

मी मोतीलालले विचारलं, ह्या शब्दाचा अर्थ काय. तो म्हने, मानसाची याद राहावी म्हनून लिवतेत. मंग जितेपनी याद कराची मनाई हाये काय बाप्पा? मेल्यावर लिवसान तं मले कोन वाचून दाखवन? आता डायवर-कंडक्टर पानी पेतेत, माहं नाव मोठ्यानं वाचतेत, मले खाटेवर आयकू येते.

पन राग मलेबी हाये. धनंजय पाटी लावून गेला, तो आता थिनर घिऊन आला. तू दिवाळीपासून आली नाईस. भाषनात माहं नाव घेतेस म्हनतेत, घरी काऊन येत नाईस? याद करून घरी आल्या त्या रडनाऱ्या दोन बाया. त्याइले तं मी मेली वाटली म्हनून आल्या.

पाटी पुसाची नाई. भांडाचं असन तं इथं येऊन भांडजो.

धुरपता

*

वर्धा, १८ एप्रिल २०२५

ती. आत्याबाईंच्या चरणी माधवीचा शि. सा. नमस्कार.

पाटी राहील. मोतीलालने जे लिहिलं ते खोटं नव्हतं; आपणच तो शब्द मेलेल्यांसाठी राखून ठेवला आणि जित्यांना खाटेवर वाट पाहत बसवलं. याची चीड मात्र जाणार नाही, आणि ती चीड आता माझ्यावरही आहे. रविवारी सकाळच्या बसने येते. धनंजयलाही बोलावलं आहे. भांडण तिघांत होऊ द्या.

मोतीलालला पाटीखाली आणखी एक ओळ रंगवायला सांगितलं आहे: 'धुरपताबाई समोरच्या घरी असतात. पाणी पिऊन झाल्यावर त्यांना हाक मारावी.'

आशीर्वाद आणि काठी, दोन्ही हाताशी ठेवा. पहिली हाक माझी असेल.

तुमची,
माधवी