पायाळूची लाथ

१४ नोव्हेंबर, लोणंद

परत तेच! सुट्टी नाही म्हणून किती सांगायचं? आईचं एकच — "येऊन पाठीत एक लाथ मारून जा रं, माझी उसण निघंल." मी पायाकडून जन्मलो, पायाळू, हा काय माझा गुन्हा? आटपाडीत असलो की सकाळी दारात कुणी ना कुणी लाथ घ्यायला पाठ वाकवून उभाच. इथं कांद्याचा हंगाम. मुकादम सोडत नाही. समीक्षा म्हणाली, दादा, तू मुद्दामच येत नाहीस. बहीण असली म्हणून काहीही बोलायचं? फोन ठेवला.

१७ नोव्हेंबर

गोणी उचलताना माझीच कंबर धरली. सरळ होता येईना. नाथाजी माझ्या जोडीचा हमाल, तो हसून बेजार. "आता पायाळूला लाथ कोण मारणार गड्या?"

१८ नोव्हेंबर

दवाखान्यात गेलो. डॉक्टरीणबाई माझ्याच वयाची. म्हटलं कंबरेचा एक्स-रे फोटो काढा. तर प्रश्नच सुरू! ताप येतो का, वजन उतरलं का, आडवं पडल्यावर जास्त दुखतं का, लघवी कळेनाशी झाली का, बसायची जागा बधिर वाटते का, कुठं पडलास का. सगळ्याला नाही. मग पाय सरळ उचलून बघितला, अंगठ्यातला जोर बघितला, गुडघ्यावर हातोडी मारली.

म्हणाली, कंबरदुखीचे तीन ढीग. एकात शीर दबते, कळ पायात उतरते. एकात आत मोठं दुखणं असतं, ती माणसं थोडी. बाकी सगळी तिसऱ्यात. तिथं अमकंच हाड, अमकाच स्नायू असं बोट ठेवता येत नाही. तू तिसऱ्यातला, फोटो नको. झोपून राहू नकोस, चालत राहा, काही आठवड्यांत बसेल.

म्हटलं, म्हणजे मला काही झालंच नाही?

"दुखतंय ते खरं आहे. कारण दाखवता येत नाही, एवढंच."

फोटो नाही, सुई नाही! कांद्याची प्रतवारी बरी, निदान कापून तरी बघतात.

२२ नोव्हेंबर

चालतोय. निम्मं कमी. बाईला कळतंय म्हणायचं.

२६ नोव्हेंबर

हलक्या गोणी उचलल्या. दुपारी आईचा फोन. श्रावणात भरलेली उसण अजून तशीच! गंमत म्हणून डॉक्टरीणबाईच्या आवाजात तिला सगळे प्रश्न विचारले. आई लय हसली.

ताप? संध्याकाळी कणकण असते म्हणाली. वजन? बांगड्या कोपरापर्यंत जातात, काढायला बऱ्या. आडवं पडल्यावर?

"पडलं की जास्तच रं. भिंतीला टेकून बसते मी."

पुढचं विचारलंच नाही.

२७ नोव्हेंबर

डॉक्टरीणबाईला आईचं सांगितलं. लाथेचंही. लिहायची थांबली. हे तिसऱ्या ढिगातलं वाटत नाही म्हणाली. फोटो काढायला पाहिजे, रक्त तपासायला पाहिजे, आणि लवकर. "पाठीला कुणी पाय लावू नका."

२८ नोव्हेंबर

समीक्षाला सांगितलं, उद्या आईला सांगलीला मोठ्या दवाखान्यात ने, मी परस्पर तिथं येतो. मुकादमाला विचारलं नाही. आईनं फोन ओढून घेतला — लाथ मारायला येतोयस नव्हं? व्हय म्हटलं.

सात हजार पाठवले.